अ‍ॅरिझोना ट्रेल : पावसाचा दिवस आणि चिखल

सडाफटिंग

मार्चच्या पहिल्या आठवड्यात मेक्सिकोच्या सरहद्दीवरून निघून युटाच्या हद्दीपर्यंत अमेरिकेतली अख्खी अ‍ॅरिझोना ट्रेल पायी करायचा बेत आहे. साधारण १२९० किमी, दक्षिणेकडून उत्तरेकडे. पाण्याचे साठे, ऊन, काटे, साप यांवर वाचायला ढीगभर आहे. पावसावर मात्र "क्वचित पडतो" यापलीकडे कोणी फारसं बोलत नाही. मग पडलाच तर?

सामान असं : जाळीचे ट्रेल रनर बूट, पिसांचं क्विल्ट (स्लीपिंग बॅगऐवजी पांघरायचं, उणे ६ अंशांपर्यंतचं), एक हलकं रेनजॅकेट, रेनपँट नाही, चालायच्या काठ्यांवर उभा राहणारा सिलनायलॉनचा (सिलिकॉन चढवलेल्या नायलॉनचा) तंबू, पाण्यासाठी सॉयर स्क्वीझ फिल्टर. छत्री घ्यावी का? वॉटरप्रूफ बूट घ्यावेत का? एखादा दिवस पाऊस लागला तर चालत राहायचं की तंबूत पडून राहायचं?

सह्याद्रीत जुलै-ऑगस्टमध्ये भिजत चालायची सवय आहे, त्यामुळे तसं टेन्शन नाही.

---

बसाल्ट_बाबा

शेवटचं वाक्य सोडून बाकी सगळं ठीक आहे. :)

सह्याद्रीतला पाऊस बावीस-पंचवीस अंशांचा असतो. भिजलं तरी चालत राहिलं की अंग गरम राहतं, आणि रात्री गावात कोणाच्या तरी पडवीत कोरडं अंथरूण मिळतं. मार्चमध्ये अ‍ॅरिझोनात येणारा पाऊस पॅसिफिकवरून आलेल्या वादळी पट्ट्याचा. तो बारा तासांपासून दीड दिवसापर्यंत रिमझिम-मध्यम पडत राहतो, तापमान चार-सहा अंशांवर येतं आणि वारा असतो. ही ट्रेल गिला नदीपाशी जेमतेम ५०० मीटर उंचीवर उतरते आणि इतरत्र २७०० मीटरच्या वर चढते. तुमचा तर पहिलाच चढ ह्वाचुका डोंगराचा. खाली पाऊस असेल तेव्हा त्या धारेवर बर्फ पडत असतो.

दुसरी गोष्ट, जी पुष्कळांच्या लक्षात येत नाही : सगळ्यात गार रात्र पावसाची नसते, पाऊस सरल्यानंतरची असते. पट्टा पुढे सरकला की आभाळ निवळतं आणि सकाळपर्यंत पारा शून्याखाली. म्हणजे ओले बूट, ओला तंबू, दमट क्विल्ट घेऊन तुम्ही सर्वांत थंड रात्रीत शिरता. उणे ६ चं क्विल्ट दमट झालं की ते उणे ६ चं राहत नाही.

मान्सून वेगळा. अमेरिकन हवामान खात्याच्या हिशेबाने तो १५ जून ते ३० सप्टेंबर. दुपारी ढग फुटतात, तासाभरात संपतं, विजा आणि लोंढे हा त्यातला धोका. ट्रेल उत्तरेकडून दक्षिणेकडे करणारे सप्टेंबरअखेर निघाले तर त्याची शेपटी त्यांना लागते. तुमच्या वाट्याला मार्च-एप्रिल आहे, म्हणून थंडी आणि चिखल. पाऊस एक वेळ परवडला.

आता चिखल. तो सगळीकडे सारखा नाही आणि बेत त्यावरच ठरवावा. ओरॅकल गावाच्या आसपास ग्रॅनाइटची भरड माती आहे, जाड्या साखरेएवढे कण. पाणी खाली निघून जातं, पाऊस थांबल्यावर तास-दोन तासांत चालायला उत्तम. असल्या जमिनीवर पाऊस म्हणजे केवळ भिजण्याचा प्रश्न.

खरा राडा मोगोयॉन रिम, म्हणजे उत्तरेकडच्या पठाराचा उंच कडा, चढून गेल्यावर. ब्लू रिजच्या पुढे हॅपी जॅक, मॉर्मन लेक, थेट फ्लॅगस्टाफच्या अलीकडपर्यंत जमीन बसाल्टची. लाव्हाचा खडक कुजून झालेली चिकणमाती, म्हणजे आपल्या कापसाच्या काळ्या जमिनीची सख्खी बहीण : कोरडी असताना भेगाळते, ओली झाली की फुगते आणि बूट सोडत नाही. विदर्भ-मराठवाड्यात ज्याने पावसाळ्यात शेत तुडवलंय त्याला वेगळं सांगायला नको. फरक एवढाच, की इथे तिच्यात बसाल्टचे गोटे पेरलेले असतात. चिखलाने जड झालेला पाय गोट्यावर पडला की घोटा मुरगळतो.

वेग निम्म्यावर येतो असं धरा. ताशी चार किमी चालणारा माणूस तिथे दोनच्या वर जात नाही. त्या हिशेबाने त्या टप्प्यात एका दिवसाचं जेवण जास्तीचं ठेवा.

---

करवंदाची_जाळी

बाबा, अनुमोदन. त्या चिखलात पाइनच्या सुया आणि बारीक खडी मिसळली की काय होतं तेही लिहा. कुडाच्या भिंतीला माती-भुसा कालवून गिलावा करतात ना, तसला गिलावा बुटाखाली तयार होतो. आपण चिखल टाळायला म्हणून कडेच्या सुयांवरून चालतो आणि तोच गिलावा पक्का करतो.

---

बसाल्ट_बाबा

बरोबर. म्हणून काही बारीक गोष्टी :

काठ्यांच्या खालच्या चकत्या काढून टाका. चिखलात त्या थाळीएवढा गोळा जमवतात.

बुटाच्या तळव्याचे रबरी उंचवटे एकमेकांपासून लांब असलेले बघा. दाट नक्षीत चिखल अडकतो तो निघतच नाही.

दर दहा पावलांना थांबून काडीने खरवडत बसू नका, त्यात दिवस जातो. गोळा एका मर्यादेला पोचला की आपल्या वजनानेच सुटतो. नाही सुटला तर पाय बाजूला झटकून बुटाची कड दगडावर आपटा. समोरून लाथ मारल्यासारखं केलंत तर अंगठ्याचं नख काळं होईल.

पावलं आखूड टाका. जड बूट उचलून मांडीचा वरचा स्नायू आणि नडगी भरून येते. लांब टांगा टाकणाऱ्याला दुसऱ्या दिवशी नडगीचं दुखणं लागतं.

आणि वाट रुंद करू नका. चिखल मधूनच तुडवायचा. प्रत्येकाने कडेने जायचं ठरवलं की दोन हातांची वाट दहा हातांची होते, आणि वाळल्यावर खुरांच्या खड्ड्यांसारखी टणक राहते. दगड, खडी, पडलेली खोडं असतील तर त्यांवरून खुशाल जा. पुढे उत्तरेला जमिनीवर काळसर, खरबरीत पापुद्रा दिसेल, तो जिवंत असतो, शेवाळ-बुरशी-जिवाणूंचा. त्यावर पाय नको. ओला असताना तर तो सहज मोडतो आणि भरायला वर्षानुवर्षं लागतात.

एप्रिलमध्ये रिमवर पोचलात तर एक सोय आहे. २१००-२२०० मीटरवर रात्री चिखल गोठतो. पहाटे साडेचार-पाचला निघालात तर आठ-नऊपर्यंत कडक जमिनीवर चालायला मिळतं. ऊन लागलं की संपलं. त्या चार तासांत जेवढं होईल तेवढं उरकायचं आणि मग नाश्ता.

---

सडाफटिंग

बापरे. मग असल्या जमिनीवर पाऊस लागला तर थांबावंच का? किती वेळ?

---

तिरपी_सर

वाफसा येईपर्यंत. शेतकरी जे करतो तेच करायचं : मूठभर माती घ्या, मुठीत दाबून गोळा करा, कमरेच्या उंचीवरून टाका. फुटला तर निघा. चपटा होऊन बसला तर चहा करा. बसाल्टच्या जमिनीत ऊन-वारा असेल तर एक ते दोन दिवस. वरची पापडी वाळलेली दिसते तिच्यावर जाऊ नका, खाली लगदाच असतो.

पण सरसकट "थांबा" असा सल्ला मी देणार नाही. सोनोरन वाळवंटातल्या खडीच्या जमिनीवर चार-पाच अंशांच्या पावसात तंबूत ओलं बसण्यापेक्षा चालणं बरं, अंग गरम राहतं. थांबायचं ते तीन ठिकाणी : चिकणमातीवर, धारेवर विजा असताना, आणि पुढे अडणारा ओढा असताना.

चालायचं ठरलं तर खाणं खिशात भरून ठेवा. बोटं गारठली की सॅकचं बक्कल उघडत नाही, लायटर पेटत नाही, आणि मग माणूस खातच नाही. न खाल्लेला माणूस गारठतो. दुपारी तीनलाच मुक्कामाची जागा शोधायला लागा, बोटं चालत असताना तंबू उभा झाला पाहिजे. हुडहुडी भरणं हा पहिला इशारा. बोबडी वळायला लागली, बुटाची नाडी बांधता येईना, की तिथल्या तिथे तंबू, कोरडे कपडे, गोड आणि गरम पाणी. आणि हुडहुडी थांबली पण माणूस गरम झालेला नाही, तर ते बरं लक्षण समजू नका. ते सर्वांत वाईट.

---

मीठभाकर

रेनपँट घ्याच. दीडशे ग्रॅममध्ये येते. फक्त एक : पायवाटेवर कॅटक्लॉ बाभूळ आहे, नावाप्रमाणे मांजराच्या नखांसारखे वाकडे काटे. मझाट्झल डोंगरात वाट झुडपांनी भरलेली असते, तिथे पातळ रेनजॅकेटच्या चिंध्या होतात. झुडपात जॅकेट काढून ठेवावं असं वाटेल, पाऊस असेल तर काढू नका. दुरुस्तीची चिकटपट्टी जवळ ठेवा आणि ती कोरड्या कापडालाच चिकटते हे लक्षात ठेवा.

छत्री : उन्हासाठी नेणार असाल तर पावसातही कामाला येते, २००-२५० ग्रॅमची. उघड्या माळावर उत्तम. झुडपात आणि धारेवरच्या वाऱ्यात निरुपयोगी. छत्री आहे म्हणून जॅकेट घरी ठेवू नका.

---

सडाफटिंग

आणि वॉटरप्रूफ बूट?

---

करवंदाची_जाळी

नको. आत आलेलं पाणी बाहेर जात नाही, आणि ते वरूनच येतं, पोटरीवरून ओघळत. जाळीचा बूट दोन तास चालल्यावर निम्मा सुकतो, वॉटरप्रूफ दोन दिवस घेतो.

---

बसाल्ट_बाबा

इथे थोडी असहमती. बर्फात आणि गोठणाऱ्या चिखलात वॉटरप्रूफला अर्थ आहे. पण पूर्ण ट्रेलसाठी जाळीचेच, हे मान्य. थंड दिवशी पायमोज्यावर साधी प्लास्टिकची पिशवी चढवून बूट घातला की तेवढ्यापुरतं भागतं.

जाळीच्या बुटाचा तोटा वेगळा आहे. ओल्या मातीतले बारीक कण जाळीतून आत जातात आणि मोज्यात बसतात. पाण्याने मऊ पडलेली कातडी आणि ते कण, फोड यायला तेवढं पुरे. ओढा लागला की मोजे पिळून धुवा. रात्री ओले मोजे काढून पाय पुसा, व्हॅसलिन चोळा, फक्त झोपेसाठी ठेवलेले कोरडे मोजे घाला. ते मोजे सकाळी कितीही मोह झाला तरी बुटात घालायचे नाहीत.

गोठायची रात्र असेल तर झोपण्यापूर्वी बुटाच्या नाड्या पूर्ण सैल करून तोंड उघडं ठेवा. नाहीतर सकाळी लाकडासारखा टणक बूट हातात येतो आणि पाय आत जात नाही.

---

ओढाकाठ

ओढ्यांबद्दल. तिथे त्याला वॉश म्हणतात, वर्षभर कोरडी वाळू. वाळू सपाट, मऊ, वाऱ्यापासून आडोसा, म्हणून तंबू लावायचा मोह होतो. लावू नका. तुमच्या डोक्यावर चांदणं असताना तीस किमी वर पडलेला पाऊस खाली येऊ शकतो. वाळवंटी जमिनीत थोड्याच खोलीवर चुनखडीचा टणक थर असतो, कॅलिची. वरची माती पातळ, झाडी विरळ. पाणी मुरायला जागाच नाही, सगळं ओढ्यात.

त्यातून जळीत क्षेत्रं आणखी वाईट. २०२० च्या बिगहॉर्न वणव्यात कॅटलिना डोंगर जळला, त्याच वर्षी बुश वणव्यात फोर पीक्स, २०२१ मध्ये टेलिग्राफ वणव्यात सुपीरियरचा परिसर. ट्रेल तिन्हींतून जाते. जळालेली माती पाणी धरत नाही, उतारावरून दगड-गाळ-ओंडके एकत्र येतात. त्या भागात पाऊस असताना नाल्याच्या तोंडाशी जेवायलासुद्धा बसू नये.

ओढा चढला असेल तर उपाय एकच, बसून राहणे. वॉशचं पाणी बहुधा काही तासांत ओसरतं. काठावर एक दगड खूण म्हणून ठेवा आणि पाणी खाली जातंय की वर येतंय ते बघा. पाणी गढूळ होणं आणि काटक्या-पालापाचोळा वाहून येणं म्हणजे वर चढतंय. जोरात वाहणारं सहा इंच पाणी मोठ्या माणसाला पाडतं, हा तिथल्या हवामान खात्याचा आकडा आहे. घोट्याच्या वर एवढंच.

मोठ्या नद्यांत गिला नदीवर केल्व्हिनजवळ पूल आहे. मझाट्झलच्या उत्तर टोकाला ईस्ट व्हर्डी नदी मात्र पायी ओलांडावी लागते. बर्फ वितळत असताना ती पहाटे सगळ्यात कमी असते, म्हणून आदल्या रात्री अलीकडे मुक्काम करा. पण वितळत्या बर्फावर पाऊस पडला असेल तर पहाटेचा नियम चालत नाही. तिचा प्रवाह यूएसजीएसच्या (अमेरिकन भूगर्भ सर्वेक्षण खात्याच्या) संकेतस्थळावर पाहता येतो, शेवटच्या सिग्नलच्या ठिकाणी तेवढं बघून घ्या. ओलांडताना सॅकचा कमरपट्टा सोडा, बूट घालूनच उतरा, तोंड प्रवाहाकडे ठेवून तिरपे सरका, एका वेळी एकच पाय किंवा एकच काठी हलवा. आणि आधी खालच्या अंगाला काय आहे ते बघा. पडलेलं झाड असेल तर तिथून ओलांडायचं नाही, पाणी कितीही उथळ असो.

---

मीठभाकर

पिण्याच्या पाण्याचं कोणी बोललंच नाही. पाऊस पडला म्हणजे पाणी मुबलक, हा भ्रम. गुरांसाठी मातीचे बांध घालून केलेली तळी हा या वाटेवरचा मोठा आधार, आणि पावसानंतर त्यांत चहाच्या रंगाचा काला असतो. सॉयरची छिद्रं ०.१ मायक्रॉनची. चिकणमातीचे कण दोन मायक्रॉनपेक्षाही बारीक. ते रुमालातून आरपार जातात आणि फिल्टरच्या नळ्यांत जाऊन बसतात. दोन-तीन लिटरांत धार थेंबांवर येते.

रात्रभर ठेवूनही पाणी निवळत नाही, कारण त्या कणांवर सारखाच ऋणभार असतो, ते एकमेकांना ढकलत तरंगत राहतात. उपाय आपल्या आजीचा : तुरटी. चार लिटर पाण्याला चहाच्या चमच्याचा आठवा भाग, म्हणजे मोठी चिमूट. घालून नीट ढवळा, मग मधूनमधून हलक्या हाताने तासभर ढवळत राहा. कण एकत्र येऊन कापसासारखे पुंजके दिसायला लागले की न हलवता ठेवा. वरचं नितळ पाणी अलगद दुसऱ्या पिशवीत घ्या आणि मगच फिल्टर करा. गार पाण्यात वेळ जास्त लागतो. तुरटीने पाणी निवळतं, पण जंतूंची खात्री होत नाही, त्यामुळे फिल्टर चुकत नाही. पूड डबीत नेली तर अख्ख्या ट्रेलला तीस ग्रॅम पुष्कळ.

पण त्याहून सोपं : पाऊस चालू असताना तंबूच्या कडेला भांडं लावा. पहिल्या पाच मिनिटांचं पाणी सोडून द्या, त्यात कापडावरची धूळ असते. ग्रॅनाइटच्या भागात खडकातल्या खळग्यांत साचलेलं पाणी तळ्यापेक्षा कितीतरी स्वच्छ.

फिल्टर रात्री उशाशी, क्विल्टच्या आत. आतल्या नळ्या एकदा गोठल्या की फुटतात आणि बाहेरून काही कळत नाही. तळ्याजवळ मुक्काम नको. पाव मैलाच्या आत तंबू लावून जनावरांची वाट अडवणं अ‍ॅरिझोनाच्या कायद्यात बसत नाही.

---

सडाफटिंग

तुरटी! यादीत टाकली. आता तंबूचं सांगा. सिलनायलॉन आहे.

---

तिरपी_सर

सिलनायलॉन ओला झाला की ताणला जातो, तासाभरात झोळ पडतो आणि कापड आतल्या क्विल्टला टेकतं. झोपण्यापूर्वी एकदा बाहेर पडून दोऱ्या पुन्हा ताणायच्याच. पॉलिस्टर किंवा डायनिमात ही कटकट नाही, पण त्यासाठी नवा तंबू घ्यावा असं नाही.

ओल्या मातीत खुंट्या धरत नाहीत. प्रत्येक खुंटीवर डोक्याएवढा दगड, निदान वाऱ्याच्या बाजूच्या दोन खुंट्यांवर तरी. वाळूत खुंटी उभी ठोकू नका, दोरी एखाद्या काटकीला मधोमध बांधून ती आडवी वीतभर खोल पुरा. काठीचं टोक चिखलात रुतून तंबू बसतो, म्हणून टोकाखाली चपटा दगड ठेवा किंवा काठी उलटी करून मूठ खाली घ्या.

जागा : खडीची, किंचित उताराची. झाडोरा नसलेली गुळगुळीत सपाट जागा दिसली तर ती का गुळगुळीत आहे ते ओळखा, पाणी तिथेच साचतं. जळक्या झाडांखाली नको, आणि मोठ्या सग्वारोखालीही नको. निवडुंग पाणी पिऊन जड होतो, मुळं उथळ, जमीन मऊ, वर वारा. त्याची एक फांदीसुद्धा माणसापेक्षा जड असते.

क्विल्ट आणि झोपायचे कपडे सॅकमधल्या जाड प्लास्टिकच्या पिशवीत, तोंड पिळून दुमडलेलं. सॅकवरचं रेनकव्हर पाठीकडून येणारं पाणी अडवत नाही, शिवाय झुडपात अडकून जातं. ते वजन वाचवा. ऊन पडलं की दुपारी अर्धा तास थांबून क्विल्ट आणि तंबू झुडपावर नव्हे, खडकावर पसरा. झुडपाला काटे आहेत.

---

सडाफटिंग

म्हणजे रेनपँट, तुरटी, जाड पिशवी, चिकटपट्टी आणि रिमवर एक दिवसाचं जादा जेवण. शेवटचा प्रश्न : उत्तर टोकाला न्यायला मित्र गाडी घेऊन येणार आहे. एप्रिलअखेर तिथे पावसाचा काही त्रास?

---

ओढाकाठ

असू शकतो, आणि तो तुमच्यापेक्षा मित्राला. स्टेटलाइन कँपग्राउंडला जाणारा हाउस रॉक व्हॅली रोड कच्चा आहे, यूएस ८९ पासून साधारण १६ किमी. मातीत चिकण भरपूर, आणि रस्ता मधल्या वॉशमधूनच जातो. ओला झाला की फोरव्हीलसुद्धा घसरते, कारण चाकांच्या खाचा भरून टायर गुळगुळीत होतात. चार चाकं फिरली म्हणून पकड येत नाही. रुतलेली गाडी ओढायला येणाऱ्याचं बिल विमानाच्या तिकिटाएवढं होऊ शकतं.

मित्राला आधीच सांगून ठेवा : आदल्या चोवीस तासांत पाऊस असेल तर डांबरी सोडायची नाही, कानाब किंवा पेजला मुक्काम करून रस्ता सुकू द्यायचा. निघण्यापूर्वी कानाबच्या बीएलएम (सरकारी जमिनी सांभाळणारं खातं) कार्यालयात रस्त्याची चौकशी करावी. तुम्ही एक दिवसाचं जेवण आणि तीन-चार लिटर पाणी हाताशी ठेवूनच खाली उतरा, कँपग्राउंडवर नळ नाही. सॅटेलाइटवरून निरोप पाठवायची सोय असेल तर "पोचलो, घाई करू नकोस" एवढा निरोप टाका आणि तंबू लावा. फारच अडचण असेल तर पहाटे सामान उचलून चालत डांबरीपर्यंत या.